आधी वाट राखा

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक यांस

आयुक्त महोदय,



नाशिकला लोकवाहतुकीचे एखादे जलद साधन हवे, याविषयी शहरात आता दुमत उरलेले नाही. गाडी रबरी चाकांची असावी की लोखंडी, तिला वीज तारेतून मिळावी की बॅटरीतून, ती खांबांवरून धावावी की जमिनीवरून, यांविषयी मात्र गेली कित्येक वर्षे खल चालू आहे. आणि या सगळ्या खलात जो प्रश्न सर्वांआधी सुटावयास हवा होता तो, म्हणजे ती गाडी जिच्यावरून जाईल ती जमीन कोणाच्या कब्जात आहे, तिची रुंदी किती आहे आणि आणखी दहा वर्षांनी ती मोकळी राहिलेली असेल की नाही हा प्रश्न, बाजूला पडून राहिला आहे. त्याच एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे आणि महापालिकेला स्वतःच्या अखत्यारीत आज काय करता येण्याजोगे आहे ते आपल्यापुढे मांडावे, एवढ्या हेतूने अंबडचा एक रहिवासी या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, या विषयाचा संबंध जितका आपल्या दफ्तराशी आहे, तितकाच ज्यांच्या बांधावरून उद्या ही वाट जाईल त्या शेतकऱ्यांशी आणि ज्यांचे रोजचे दोन-अडीच तास ती वाचवील त्या कामगारांशीही आहे.

रुळांची ओळख आपल्या शहराला नवी नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग गावापासून बराच दूर ठेवून, आजच्या नाशिकरोडवरून नेण्यात आला, आणि स्टेशन व शहर यांमधील आठ-दहा किलोमीटरांचे अंतर, जे त्या काळी बहुतांशी रानातून जात असे, तोडण्यासाठी १८८९ साली ट्रामचा मार्ग बांधण्यात आला. मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, चार घोड्यांनी ओढलेले दोन डबे उतारूंची ने-आण करीत. या कामाचे सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. ही ट्राम चार दशके चालली, आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान बंद पडली. साधने जुनी होतात, त्यांच्यामागून नवी येतात, तेव्हा ट्राम बंद पडली याचे दुःख मला नाही. मला खंत वाटते ती याची की, ट्रामबरोबर तिची वाटही गेली. ज्या पट्टीवर रूळ होते ती पट्टी रुळांसाठी म्हणून राखून ठेवावी, उद्या घोड्यांच्या जागी वीज येईल आणि दोन डब्यांच्या जागी दहा येतील, असा विचार त्या वेळी झाला नाही, आणि आज शहरात त्या मार्गाची मोकळी अशी जागा कोठेही शिल्लक नाही.

याच कॅलथ्रॉप यांनी पुढे बार्शी लाईट रेल्वे उभारली. तिचीही रुंदी अडीच फूट. १८९७ साली बार्शीरोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत ती सुरू झाली, मग पंढरपूरला गेली, लातूरला गेली आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. कालांतराने तीही मागे पडली. मोटारीच्या स्पर्धेत तिची गती हास्यास्पद ठरू लागली, आणि १९५४ साली ती सरकारने विकत घेतली तेव्हा तिच्या भवितव्याविषयी फारशी आशा बाळगण्याचे कारण नव्हते. पण तिची पट्टी कोणी मोडली नाही. दोन्ही बाजूंच्या हद्दीचे दगड जागच्या जागी राहिले, पूल राहिले, भराव राहिले, सातबाऱ्यावरील रेल्वेचे नाव राहिले, आणि म्हणून अर्धशतकानंतर, काही ठिकाणी वळणे बदलून का होईना, तीवर ब्रॉडगेज रूळ घालता आले आणि आज मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे मोठ्या गाड्या धावत आहेत. एकाच अभियंत्याची दोन कामे, एकाच रुंदीचे रूळ, आणि जवळजवळ एकाच काळात आलेली अवकळा. परंतु एका ठिकाणी वाट राखली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी ती हातची गेली. नाशिकने त्या वेळी जे गमावले त्याची किंमत आपण आजही मोजीत आहोत, कारण मेट्रो निओच्या प्रस्तावातील सर्वांत लांब मार्गाला शेवटी ज्या दोन ठिकाणांमध्ये जागा शोधावी लागली ती मध्यवर्ती शहर आणि नाशिकरोड हीच होती, आणि जमिनीवर जागा उरली नसल्यामुळे ती आकाशात, खांबांवर, शोधावी लागली.

त्या प्रस्तावाचा इतिहास आपणांस ज्ञात आहेच. वाचकांसाठी तो थोडक्यात सांगतो. महामेट्रोने तयार केलेल्या आराखड्यास राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजुरी दिली. गंगापूर ते मुंबई नाका आणि गंगापूर ते नाशिकरोड असे दोन मुख्य मार्ग त्यात होते, त्यांवरून डोक्यावरच्या तारेतून वीज घेणाऱ्या, रबरी चाकांच्या लांब जोडगाड्या धावावयाच्या होत्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला. त्या दिवशी नाशिकमध्ये पेढे वाटले गेले. त्यानंतर वर्षे उलटली. शहरात एक खांबही उभा राहिला नाही. या विलंबाचा दोष कोणाचा, याची चौकशी करण्याचे हे स्थळ नव्हे. पण एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते: त्या आराखड्यात अंबडच्या वाट्याला मुख्य मार्ग नव्हताच. मुंबई नाक्याहून गरवारे चौकावरून सातपूरकडे जाणारा एक पूरक मार्ग तेवढा होता, आणि त्यावरची गाडी तारेवाचून, बॅटरीवर, आहे त्या रस्त्यावरच्या आहे त्या गर्दीतून जावयाची होती. ज्या भागात रोज हजारो माणसे ठरावीक घटकेला येतात आणि ठरावीक घटकेला बाहेर पडतात, त्या भागालाच राखीव वाट देऊ नये, हे नियोजनशास्त्राच्या कोणत्या सूत्रात बसते ते मला कळत नाही.

आपण कधी दुपारी तीनच्या सुमारास, पहिली पाळी सुटते आणि दुसरी भरते त्या अर्ध्या तासात, अंबड औद्योगिक वसाहतीतील एक्स्लो पॉइंटवर येऊन उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. कारखान्यांच्या फाटकांतून एकाच वेळी दुचाक्यांचा लोंढा बाहेर पडतो, प्रत्येकीच्या हँडलला डब्याची पिशवी आणि स्वाराच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी. त्याच वेळी समोरून दुसऱ्या पाळीच्या कंपनी-बस आत शिरत असतात. पोलादाच्या गुंडाळ्या लादलेला एखादा ट्रेलर वळण घेण्यासाठी रस्ता आडवा धरून थांबलेला असतो, आणि त्याच्या मागच्या चाकांपासून हातभर अंतरावरून शेअर रिक्षा निघून जाते, मागे चौघे आणि पुढे चालकाच्या दोन्ही अंगांना दोघे. सुट्या भागांच्या लहान कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेच्या मातीतून, एकीमागे एक अशा चालत असतात, कारण तेथे पदपथ नाही. पावसाळ्यात ती मातीही नसते, तेथे पाणी असते. यांपैकी पुष्कळजणी सिडकोत किंवा पाथर्डीत राहतात, त्यांचे एक वेळ ठीक. परंतु निफाडहून, कसबे सुकेण्याहून, घोटीहून जो माणूस गाडीने येतो, त्याचे नाशिकरोडपर्यंतचे अंतर सुखाने कापले जाते, आणि खरा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. नाशिकरोड ते अंबड हे अंतर दहा-बारा किलोमीटरांचे. तरी शहराच्या पोटात शिरून, द्वारका किंवा सीबीएसला गाडी बदलून अंबड गाठीपर्यंत निफाड-नाशिकरोड प्रवासाहून अधिक वेळ जातो. जुलै २०२१ पासून महापालिकेने सिटीलिंकची बससेवा आपल्या हाती घेतली, हे निःसंशय स्तुत्य पाऊल होते, आणि मी त्या बसचा रोजचा उतारू आहे. तथापि बस ही शेवटी रस्त्याच्या मर्जीवर चालते. तो तुंबला की तीही तुंबते.

अंबडच्या दाराशी वसलेल्या नवीन नाशिकची कहाणी या संदर्भात विशेष बोलकी आहे. सिडकोने येथे सहा योजनांतून हजारो घरे बांधली. लहान उत्पन्नाच्या माणसाला स्वतःचे छप्पर मिळाले, आणि त्याबद्दल या शहराने त्या संस्थेचे ऋण मानावे असे मला मनापासून वाटते. परंतु त्याच सिडकोने नवी मुंबईत काय केले ते पाहावे. तेथे खाडीपलीकडे शहर वसवायचे तर रेल्वे हवी, आणि रेल्वेखाते स्वतःच्या खर्चाने ती घालणार नाही, हे ओळखून सिडकोने खर्चाचा ६७ टक्के भार स्वतः उचलण्याची तयारी दाखवली, उरलेला ३३ टक्के रेल्वेने सोसला. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावली, पुढे बेलापूरपर्यंत व पनवेलपर्यंत गेली, आणि ठाणे-वाशी मार्गही याच रीतीने उभा राहिला. हे शक्य झाले त्याचे मुख्य कारण पैसा हे नव्हते. शहराचा नकाशा काढतानाच रुळांची पट्टी आणि स्थानकांच्या जागा त्यावर आखून ठेवल्या होत्या, त्या पट्टीत कोणाला घर बांधू दिले नव्हते, आणि स्थानकांभोवतालच्या जमिनीची किंमत रुळांमुळे वाढेल, त्या वाढीतून रुळांचा खर्च काही अंशी निघेल, हा हिशेब आधीच मांडला होता. एकाच संस्थेने खाडीकाठी घर आणि रूळ दोन्ही दिले, नासर्डीकाठी मात्र केवळ घर दिले. नवीन नाशिकच्या नियोजनाचा कारभार महापालिकेकडे आला, त्याबरोबर ही राहिलेली बाकीही आपल्या खात्यावर आली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. नाशिकच्या परिसरात रुळांची एक जिवंत पट्टी आहे, आणि ती देवळालीपासून नाशिकरोडवरून ओढ्यापर्यंत, महापालिकेच्या पूर्व-दक्षिण अंगाने जाते. त्यापुढे खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव. इकडे लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, इगतपुरी. ही सारी माणसे पाठवणारी गावे आहेत. शिवाय एकलहरे औष्णिक वीजकेंद्राकडे कोळसा नेणारा फाटा आहे, आणि त्याच बाजूला रेल्वेचा ट्रॅक्शन मशीनचा कारखाना आहे. या पट्टीवरून सध्या जे दोन रूळमार्ग जातात त्यांवर लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आणि मालगाड्यांचा एवढा भार आहे की, त्यांवरून आणखी दर पंधरा मिनिटांनी स्थानिक गाडी सोडा असे म्हणणे हा वेडेपणा होईल, आणि रेल्वेखाते तसे स्पष्ट सांगेल. जड मालगाडी आणि हलकी नागरी गाडी एकाच रुळावर एकाच वेळी चालवू नये, हा सुरक्षेचा नियम योग्यच आहे. माझे म्हणणे निराळे आहे. रेल्वेची जमीन रुळांपुरती नसते. भरावाच्या दोन्ही अंगांना, हद्दीच्या दगडांपर्यंत, ती पसरलेली असते, आणि जेथे आज बाभळी माजल्या आहेत व जुने स्लीपर रचून ठेवले आहेत तेथे स्वतंत्र रुळांची जोडी बसेल की नाही, हे मोजणी केल्यावाचून कोणीच सांगू शकत नाही. ती मोजणी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाने आणि महापालिकेने मिळून करावी, देवळाली ते ओढा या टप्प्यातील प्रत्येक किलोमीटरला मोकळी रुंदी किती आहे याचा एकच संयुक्त नकाशा काढावा, एवढेच पहिले मागणे आहे. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

अन्य देशांतील नगरपालिकांनी याच विचाराने काय साधले ते आपल्या वाहतूक विभागास ठाऊक असेलच. तरी एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकास, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या सान डिएगो शहराजवळ एक जुना मालवाहू लोहमार्ग होता. १९७६ साली वादळाने त्याचा वाळवंटातील भाग वाहून गेला, आणि मालक कंपनीने तो मार्गच सोडून देण्याचे मनात आणले. तेथील स्थानिक वाहतूक मंडळाने १९७९ साली तो सुमारे १ कोटी ८१ लाख डॉलरना विकत घेतला, जुन्या रुळांची डागडुजी केली, तारा ओढल्या, शहराच्या मध्यभागात तेवढे नवे रूळ रस्त्यावर घातले, आणि जुलै १९८१ मध्ये लाईट रेल्वे सुरू केली. दिवसा उतारू आणि रात्री, त्यांच्या गाड्या थांबल्यावर, मालगाडी, अशी वेळेची वाटणी त्यांनी ठरवली, म्हणजे जड आणि हलक्या गाड्यांची गाठ रुळावर पडण्याचा प्रश्नच राहिला नाही. इंग्लंडातील मँचेस्टरने १९९२ साली बरी आणि ऑल्ट्रिंगहॅम या दोन उपनगरी लोहमार्गांवर असेच केले. जर्मनीतील कार्ल्सरूहने त्याच वर्षी शहराची ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवर चढवून शेजारच्या गावापर्यंत नेली. त्यांपैकी कोणाचेही अनुकरण जसेच्या तसे येथे होणार नाही. पण कोळशाच्या गाड्या ठरावीक वेळेला येतात अशा एकलहऱ्याच्या फाट्यावर वेळेची वाटणी अशक्य का मानावी? त्या फाट्याच्या काठी वस्ती वाढते आहे, आणि वीजकेंद्राचे जुने संच बंद झाल्यापासून पूर्वीइतका कोळसा तेथे येत नाही. निदान हा प्रश्न रेल्वेला आणि वीजकंपनीला लेखी विचारून त्याचे लेखी उत्तर मिळवण्यास काय हरकत आहे?

अंबडला मात्र जिवंत पट्टी नाही. तिला ती निर्माण करावी लागेल. येथेच महापालिकेच्या अधिकाराची आणि निश्चयाची कसोटी आहे. गरवारे चौकातून पाथर्डी फाट्यावर, तेथून पाथर्डी गावाला वळसा घालून वडनेर दुमाल्याकडे, आणि वालदेवी ओलांडून विहितगावाच्या अंगाने देवळाली अथवा नाशिकरोडच्या लोहमार्गापर्यंत, अशी एक रेषा नकाशावर काढून पाहावी. या रेषेवर आजही शेते आहेत. पण त्या शेतांच्या कडेने बिनशेती भूखंडांच्या पाट्या लागल्या आहेत. द्राक्षाची बाग मोडली की दुसऱ्या वर्षी तेथे जोत्याचे खांब दिसतात, आणि तिसऱ्या वर्षी सहा मजल्यांची इमारत. दुहेरी हलक्या रुळांना साधारण दहा मीटर रुंदी लागते, स्थानकाच्या जागी पंधरा. आज ही पट्टी आखली तर काही गटांच्या बांधांवरून ती नेता येईल आणि फार थोड्या घरांना धक्का लागेल. पाच वर्षांनी आखली तर पाडापाडी, दावे आणि मोबदल्याचे तंटे यांतच दोन दशके जातील आणि शेवटी पुन्हा खांबांवरच जावे लागेल. वडनेरच्या बाजूस लष्कराची हद्द आहे, तेथे संरक्षण खात्याची अनुमती मिळवणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच त्या पत्रव्यवहारास आजच प्रारंभ व्हावा, कारण त्या खात्याच्या दफ्तरात कागदाला वेळ लागतो.

आरक्षण टाकले म्हणजे काम झाले, असा समज आपल्याकडे रूढ आहे; तो घातक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ अन्वये, विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालकास खरेदीची नोटीस देता येते, आणि त्यापुढील चोवीस महिन्यांत नियोजन प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. कायद्याची ही तरतूद न्याय्य आहे; कोणाच्याही जमिनीवर रेषा ओढून ती आयुष्यभर टांगून ठेवण्याचा हक्क कोणत्याही संस्थेला नसावा. नाशिकचा सध्याचा विकास आराखडा २०१७ साली अमलात आला, म्हणजे त्यातील आरक्षणांची दहा वर्षे २०२७ साली पुरी होत आहेत. त्या घटकेला कोणती आरक्षणे सुटणार आणि कोणती टिकवायची, याची यादी नगररचना विभागात तयार होत असेलच. लोहमार्गाच्या पट्टीचा विचार त्या यादीबरोबर झाला नाही, तर मग पुढच्या आराखड्याची वाट पाहावी लागेल.

आणि येथे माझ्या गावाविषयी एक गोष्ट आपणांस स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अंबडच्या शेतकऱ्यांनी एकदा आपली जमीन दिलेली आहे. आज जेथे कारखान्यांचे पत्रे चमकतात तेथे आमच्या वाडवडिलांची बाजरी आणि भुईमूग होता. औद्योगिक वसाहतीसाठी ती जमीन गेली, तिचा मोबदला त्या काळच्या दराने मिळाला, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी पुष्कळांची मुले आज त्याच जमिनीवरच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत. त्यानंतर १९८२ साली महापालिका स्थापन होऊन गाव शहरात आले, रस्त्यांसाठी पुन्हा जमिनी गेल्या. तेव्हा आणखी एका पट्टीची मागणी घेऊन महापालिकेचा माणूस जेव्हा बांधावर येईल, तेव्हा त्याच्या हातात मोबदल्याचा निश्चित आकडा असावा. कोणत्या गटातून किती गुंठे, त्याचा रोख मोबदला किती, हस्तांतरणीय विकास हक्क घ्यायचा असल्यास तो किती आणि कोठे वापरता येईल, स्थानकाजवळ ज्याची जमीन जाईल त्याला त्या परिसरात गाळा मिळेल की नाही, हे सर्व मराठीत, गट नंबरांसह, अंबड आणि पाथर्डीच्या चावडीवर लावलेल्या नकाशावर दिसले पाहिजे. लोक जमीन द्यायला नाखूश असतात असे अधिकारी म्हणतात. माझा अनुभव असा की, लोक अनिश्चिततेला नाखूश असतात. ज्या रेषेमुळे ना विकता येते, ना बांधता येते, ना मोबदला मिळतो, त्या रेषेचा त्यांना तिटकारा आहे, आणि तो योग्य आहे.

खर्चाचा प्रश्न उपस्थित होईल. तो व्हावाच. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास बंधनकारक केला आहे, आणि केंद्राने त्यानंतर मेट्रोलाइट व मेट्रो निओ या दोन हलक्या साधनांची मानके ठरवून दिली आहेत; गर्दीच्या तासाला एका दिशेने पंधरा हजार उतारूंपर्यंत पहिले, आठ हजारांपर्यंत दुसरे. या तुलनेत रेल्वेच्या पट्टीवरून जाणारा पर्याय नाशिकपुरता मांडलेला मला तरी कोठे आढळला नाही. तो मांडला जावा आणि प्रामाणिकपणे तपासला जावा. तो महाग ठरला तर मी ते मान्य करीन. पण रूळ जमिनीवर असले म्हणजे खांबांचा, गर्डरांचा आणि उन्नत स्थानकांच्या सरकत्या जिन्यांचा खर्च वाचतो, हे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. शिवाय जमीन हाती असली की निर्णय पुढे ढकलता येतो: आज त्या पट्टीवर केवळ बस धावू द्यावी, उद्या निओ, परवा रूळ. पट्टीच नसली तर यांपैकी काहीच हाती राहत नाही.

या कामी कोणाशी भागीदारी करावी, याचे नमुने महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या लोकलसाठी १९९९ साली रेल्वे मंत्रालय आणि राज्य शासन यांनी ५१ व ४९ टक्क्यांच्या भागीदारीत मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. पुढे संपूर्ण राज्यासाठी निम्म्या-निम्म्या वाट्याने महारेल निघाली, आणि नाशिक-पुणे लोहमार्गाचा आराखडाही तिनेच केला. या संस्थांमध्ये महापालिकेला भागीदार म्हणून स्थान नाही, आणि ही माझ्या मते मोठी उणीव आहे, कारण रुळाभोवतालचे शहर कसे वाढेल हे ठरवणारी संस्था तीच आहे. एक सावधगिरीही सुचवतो. नागपुरात २०१८ साली महामेट्रो आणि रेल्वे यांच्यात करार झाला की, रेल्वेच्याच रुळांवरून वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडारा रोडकडे वातानुकूलित गाड्या सोडाव्यात. मोठ्या समारंभाने सह्या झाल्या, राज्याची मंजुरी मिळाली, आणि गाडी मात्र अद्याप सुटलेली नाही. ज्या करारात रुळावरच्या वेळेची वाटणी, तोट्याची जबाबदारी आणि कामाची मुदत लिहिलेली नाही, त्या कराराने उतारूला काहीच मिळत नाही. नाशिकने करार करावा तो या तीन बाबी मसुद्यात असल्यावरच.

सिंहस्थाचे पर्व जवळ आले आहे. त्यासाठी बाह्य वळणरस्त्याची, पुलांची, नाशिकरोड आणि ओढा स्थानकांच्या विस्ताराची कामे निघाली आहेत, आणि एरवी जी संपादने दहा वर्षे रखडतात ती या निमित्ताने काही महिन्यांत मार्गी लागतात, हे आपण मागील पर्वांतही पाहिले आहे. पर्व संपले की हा वेग ओसरतो. म्हणून जेथे जेथे बाह्य रस्त्याची जमीन घेतली जात आहे, तेथे मध्यभागी अथवा एका कडेला रुळांपुरती पट्टी राखून ठेवण्याची अट आताच घातली जावी. एकदा दुभाजक बांधून त्यात कण्हेर लावली की नंतर ती जागा मागणे कठीण जाते. वळणरस्त्याचा जो भाग अंबड-पाथर्डीच्या अंगाने जाईल तो, मी वर वर्णिलेल्या रेषेला जोडला, तर दोन स्वतंत्र संपादनांऐवजी एकच होईल आणि त्याच बांधावर मोजणीदार दोनदा येणार नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. गाडी कोणती, डबे किती, तिकीट किती, यांविषयी महापालिकेने आज काही ठरवू नये. देवळाली ते ओढा या टप्प्याची संयुक्त मोजणी, एकलहऱ्याच्या फाट्याविषयी रेल्वेस व वीजकंपनीस पत्र, अंबड ते लोहमार्ग या पट्टीचे मोबदल्याच्या तरतुदीसह आरक्षण, आणि संरक्षण खात्याकडे अनुमतीचा अर्ज, या चार बाबींचा एकच ठराव महासभेपुढे आणावा, आणि त्याचा मसुदा सभेच्या किमान एक महिना आधी अंबड, पाथर्डी, वडनेर आणि विहितगाव येथे नागरिकांच्या हरकतींसाठी लावावा. हरकती येतील. त्यांत माझ्या भाऊबंदांच्याही असतील, आणि त्यांचे ऐकून घेण्यासाठी नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याने स्वतः गावात यावे, त्यांना राजीव गांधी भवनात हेलपाटे घालायला लावू नयेत. आमच्या गटांचे सातबारा उतारे, जुन्या मोजणीच्या नकला आणि औद्योगिक वसाहतीच्या संपादनाचे कागद गावात अनेक घरांतून जपून ठेवलेले आहेत. ते एकत्र करून विभागाच्या हवाली करण्याचे काम मी आणि गावातील काही मंडळी पत्करतो. सभेची तारीख कळविण्याची कृपा व्हावी.

आपला विश्वासू,
अंबड गावचा एक रहिवासी